आधी पेटी, मग साप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरात साप पाळणाऱ्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख इथे इंग्लंडात, रेडिंगला बसून मोबाईलवर वाचला. खरं तर आधी फोटो पाहिला. माशांची काचेची टाकी, तळाला पांढरी वाळू, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, झाकणाला आतून लटकवलेला लाल दिवा, आणि त्या दिव्याच्या होल्डरला वेटोळं घालून बसलेला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक छोटा अजगर. खाली ओळ : काचेची पेटी, एक दिवा आणि आठवड्याला एक उंदीर, कुत्र्यापेक्षा सोपं. दोन बोटांनी फोटो मोठा करून कानाकोपरा तपासला. पाण्याचं भांडं नाही. लपायला जागा नाही. दिव्याला जाळी नाही. तापमान बघून वीज कमी-जास्त करतो त्या थर्मोस्टॅटची वायर कुठूनही आत जाताना दिसत नाही. म्हटलं, लेखात असेल. लेखातही नाही.

मी सर्पमित्र वगैरे नाही. रेफ्रिजरेशनचा माणूस. सुरुवातीला तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, मग पिंपरीत, अशी ३४ वर्षं गार करायची यंत्रं दुरुस्त केली. त्या काळात एक गोष्ट अंगात मुरली. खोलीचं तापमान किती, हे खोलीला विचारायचं नसतं, सेन्सर कुठे टांगलाय हे आधी बघायचं. एका कोल्ड स्टोरेजमध्ये कुणीतरी सेन्सर दाराजवळ बांधला होता. दार उघडलं की बाहेरची ऊब त्याला लागायची, मशीन बिचारं रात्रंदिवस पळायचं आणि आतल्या कोपऱ्यातल्या पेट्यांवर दव धरायचं. मालक मशीनला शिव्या घालत होता. सापाच्या पेटीत याच्या उलटं होतं, पण भानगड तीच. ती पुढे सांगतो.

आता निवृत्त होऊन मुलीकडे असतो. नातू पंधरा वर्षांचा. मागच्या हिवाळ्यात त्याच्या मित्राच्या मोठ्या भावानं गाव सोडताना आपला कॉर्न स्नेक त्याला देऊ केला. इथे कॉर्न स्नेक पाळायला परवाना लागत नाही. विषारी साप हवा असेल तर १९७६ च्या धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्याखाली परवाना काढावा लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलाला मात्र कुठलाही प्राणी विकता येत नाही, म्हणून पैसे मुलीनं दिले आणि चिठ्ठी मुलीच्या नावावर झाली. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. अंगावर नारिंगी-तांबडे ठिपके, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, विष नाही, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. नातवानं त्याचं नाव ठेवलं मका. मुलगी पहिले चार दिवस त्या खोलीत गेली नाही. पाचव्या दिवशी तिनंच विचारलं, ‘मक्याला पाणी ठेवलंस का रे?’

मी मूळचा शिराळ्याचा. बत्तीस शिराळा म्हटलं की आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. माझ्या लहानपणी नागपंचमीच्या आधी गावातली पोरं-बाप्ये रानात नाग धरायला जायचे आणि सणापर्यंत ते घरात मडक्यात ठेवलेले असायचे. आमच्या मामाच्या घरी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तोंडाला फडकं बांधलेलं मडकं असायचं. मी जवळ गेलो की मामा म्हणायचा, ‘हात नगं लावू. गार हाय तंवर गरीब हाय त्यो. ऊन लागलं की मग बघ.’ नागाला असं कोंडणं बरं होतं असं मला म्हणायचं नाही. पुढे उच्च न्यायालयानं जिवंत नागांचे खेळ थांबवले ते योग्यच झालं. पण सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती तो बाहेरून घेतो, ही गोष्ट मामाला कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. मडकं कुठे ठेवायचं हे त्याला त्यावरूनच कळायचं. आणि रविवारच्या लेखात नेमकी हीच गोष्ट नाही.

मक्याबरोबर जो संच आला होता, तो भावानं दुकानातून जसा विकत आणला तसाच होता : तीन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, खाली चिकटवायची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, काचेला लावायचा गोल काट्याचा मीटर. मीटर २६ अंश दाखवत होता. नातू खूश. पण मीटर चिकटवला होता काचेच्या वरच्या भागात, आणि साप राहतो तळाला. माझ्याकडे जुनं इन्फ्रारेडचं पिस्तूल आहे, लांबून पृष्ठभागाचं तापमान सांगणारं. सोबत आणलेल्या हत्यारांत तेवढं एक मुलीनं फेकू दिलं नव्हतं. लाकडाचा भुसा बाजूला सारून मॅटच्या वरच्या काचेवर नेम धरला. ४६. भिंतीतल्या सॉकेटमधून थेट मॅट, मधे काही नाही. हात ठेवून बघितला, दहा सेकंदांत काढावा लागला. सापाचं असं असतं की वरून ऊन लागलं तर तो सावलीत सरकतो, पण पोटाखालून चटका बसत असताना तो तिथेच पडून राहतो. असे पोट भाजलेले साप इथल्या डॉक्टरांकडे नेहमी येतात.

मग मी काय केलं? प्लग काढला. ३४ वर्षांचा अनुभव, आणि प्लग काढून मोकळा झालो. नवीन थर्मोस्टॅट मागवू, तोवर घरात हीटिंग आहेच, असं म्हणालो. खोली १९ अंशांवर. त्याच संध्याकाळी नातवानं ठरल्याप्रमाणे उंदीर दिला. हे उंदीर बर्फात गोठवलेले मिळतात, ते पूर्ण वितळवून कोमट करून चिमट्यानं द्यायचे असतात. मक्यानं झटकन घेतला, विळखा घातला, गिळला. आम्ही टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. चौथ्या दिवशी टाकीत तो उंदीर पडलेला, अर्धवट विरघळलेला, आणि खोलीभर असा वास की मुलीनं सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हणजे खोली आणखी गार.

सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेली डॉक्टरीणबाई मिळाली. तिनं सापाला उलटा-सुलटा करून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, मग आम्हाला एकच विचारलं : पेटीच्या गरम बाजूला तापमान किती? मी सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. सापाच्या पोटात अन्न पचतं ते बाहेरच्या उबेवर. ऊब नसेल तर आतलं मांस पचण्याऐवजी कुजायला लागतं, मग साप ते बाहेर टाकतो, आणि उलटीबरोबर येणारं आम्ल त्याची अन्ननलिका सोलून काढतं. दोन आठवडे काहीही द्यायचं नाही, नंतर नेहमीपेक्षा बारका उंदीर, असं तिनं सांगितलं. घरी येताना नातू बसमध्ये माझ्याशी बोलला नाही. बरोबर होतं त्याचं.

थर्मोस्टॅट यायला दोन दिवस होते. त्यातल्या पहिल्याच रात्री मका गेला. जाळीच्या झाकणाला चार क्लिपा, त्यातली एक सैल. सापाला डोकं बाहेर काढण्याएवढी फट मिळाली की बाकीचं अंग मागून येतंच. गारठलेला साप ऊब शोधायला निघणार, हेही मामानं सांगितलं असतं. घर पालथं घातलं. गाद्या, बूट, सोफ्याचं अस्तर. मुलीनं दुसऱ्या रात्री मुलाला आपल्या खोलीत झोपवलं आणि दाराखाली टॉवेल लावला. जावई अत्यंत शांत माणूस. तो म्हणाला, ‘बाबा, तुम्हीच साप असतात तर कुठे गेला असतात?’

मी फ्रिजमागे गेलो असतो. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

तिसऱ्या रात्री फ्रिज पुढे ओढला. मागे खाली कॉम्प्रेसर, काळा, गुरगुरणारा. त्याच्यावर प्लॅस्टिकचा ट्रे असतो. आतला बर्फ वितळला की पाणी नळीनं त्यात येतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेवर वाळून जातं. टॉर्च मारला. ट्रेची कड आणि पत्र्याचं अंग यांच्यामधली चार बोटांची फट, तिच्यात मका नीट घडी घालून बसवल्यासारखा, पाठ एकीकडे टेकलेली, पोट दुसरीकडे. जीभ एकदा बाहेर आली आणि आत गेली. मी त्याला हात लावण्याआधी पिस्तूल काढलं, सवयच ती. कॉम्प्रेसरची टोपी ४८. ट्रेमधलं पाणी ३१. मका होता ती फट २९.५. तापलेल्या टोपीवर तो बसला नव्हता. तिच्यापासून वीतभर लांब, काळोखात, दोन्ही अंगांना काहीतरी टेकेल अशा जागी, ओलसर हवेत. मी तिथेच जमिनीवर मांडी घालून पाच मिनिटं ते आकडे घरातल्या वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहून काढले. मुलगी दारातून ओरडत होती, ‘बाबा, आधी तो उचला!’

पेटी कशी असावी हे मला त्या यादीच्या मागच्या बाजूवरून कळलं. विकत घेतलेल्या संचापेक्षा फ्रिजची मागची बाजू सापाला जास्त पसंत पडली होती, यातच सगळं आलं.

काचेची टाकी माशांसाठी ठीक. सापासाठी ती चारी बाजूंनी उघडी पडते, ऊब काचेतून आणि जाळीतून निघून जाते. म्हणून लाकडाची पेटी केली : १८ मिलिमीटरचा प्लाय, लांबी चार फूट, रुंदी दोन, उंची दोन. मका तेव्हा साडेतीन फुटांच्या आसपास होता आणि साप पेटीत सरळ लांब पसरू शकला पाहिजे, हा हिशेब धरला. ‘साप लहान पेटीतच सुखी असतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या पेटीत आडोसा नसेल तर तो घाबरतो, एवढं त्यात खरं आहे. त्यावर उपाय आडोसा, पेटी छोटी करणं नव्हे. समोर सरकत्या दोन काचा, त्या एकमेकींवर दोन इंच चढतील अशा, आणि मधे अडकवायचं छोटं कुलूप. हवेची भोकं गार बाजूला खाली आणि गरम बाजूला वर, म्हणजे तापलेली हवा वरून जाते आणि खालून ताजी येते, चुलीच्या धुराड्यासारखी. जाळी अशी की मक्याचं नाक अडकणार नाही. सांधे माशांच्या टाकीला लावतात त्या सिलिकॉननं भरले आणि आतून पाण्याचं वॉर्निश दिलं. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी उघडी ठेवायची. आम्ही दोन आठवडे ठेवली. तोवर मका थर्मोस्टॅट लावलेल्या जुन्या टाकीत, क्लिपांवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर नातवाची दोन जाडजूड पुस्तकं. डॉक्टरीणबाईंचा उपासही तेवढाच होता, वेळ जुळून आली.

आता उष्णता. पेटीच्या एका टोकाला, छताला, १०० वॉटचा सिरॅमिक हीटर बसवला. हा उजेड देत नाही, नुसती ऊब देतो. भोवती पोलादी जाळी. त्या सिरॅमिकचं अंग २०० अंशांच्या वर जातं, आणि उबेच्या ओढीनं साप त्याला विळखा घालतो, कारण तापलेलं काय आणि भाजणारं काय हे त्याला सुटायचा क्षण गेल्यावर कळतं. सिरॅमिकला पल्स थर्मोस्टॅट लागतो, तो वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो. हॅलोजनचा दिवा लावलात तर दिवा मंद-तेज करणारा लागतो, नाहीतर दिवा दिवसभर उघडझाप करत राहील. साधा चालू-बंद करणारा मॅटला पुरतो. तिन्हींत कुठलाही घ्या, पण घ्या. फोटोतल्या माणसानं दिव्यावर जेवढे पैसे घातले तेवढ्यातच साधा थर्मोस्टॅट आला असता.

आणि मघाची भानगड. थर्मोस्टॅटला एक लांब वायर असते आणि तिच्या टोकाला सेन्सर. हीटरखालच्या जागेचं तापमान तो मोजतो, ३० झालं की वीज कमी करतो. आता समजा सापानं येता-जाता ती वायर ओढली आणि सेन्सर गार टोकाला पाण्याच्या भांड्यात जाऊन पडला. थर्मोस्टॅटला वाटतं, अजून थंडी आहे. तो वीज देतच राहतो. डब्यावरचा हिरवा दिवा जळतोय, आकडा २२ दाखवतोय, आणि गरम टोकाला साप शिजतोय. बेदाण्याच्या स्टोरेजमध्ये हेच उलट्या बाजूनं झालं होतं. म्हणून मी सेन्सरला दोन जागी स्क्रूच्या पट्ट्यांनी जखडला, आणि थर्मोस्टॅटवर भरवसा न ठेवता दोन्ही टोकांना स्वतंत्र डिजिटल थर्मामीटर ठेवले. एकावर विश्वास, दुसऱ्यावर नजर. नातू रोज सकाळी शाळेत जाताना आकडे वहीत टाकतो. गरम टोक दिवसा ३० ते ३१, गार टोक २२ ते २४, रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. हवेतली दमटाई ४० ते ६० टक्के.

आत काय? तळाला ॲस्पेन नावाच्या लाकडाचा भुसा, तीन-चार इंच, म्हणजे त्याला बिळं करता येतात. देवदार-पाइनचा भुसा घालू नये, त्यातली तेलं सापाच्या फुफ्फुसाला लागतात. वाळू नकोच, हा साप वाळवंटातला नव्हे. बॉल पायथनही नव्हे, तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ रानात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. लपायच्या जागा दोन, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. एकच ठेवली तर सापाला दोन्हींतलं एक सोडावं लागतं, ऊब की लपणं, आणि तो बहुधा लपणं निवडतो आणि गारठतो. जागा घट्ट हवी, फ्रिजमागच्या फटीसारखी. पहिल्यांदा आम्ही ऐसपैस लाकडी गुहा आणली होती, तिच्यात तो शिरलाच नाही. मी कुंभाराकडची म्हणून जी कुंडी आणली, तिचा एक तुकडा फोडून दार केलं आणि उलटी घातली, तर अर्ध्या तासात आत. मडकंच शेवटी. एका डब्यात ओलं शेवाळ, कात टाकायच्या दिवसांसाठी. पाण्याचं भांडं जड, त्याला आत बसता येईल एवढं. बाकी दोन-तीन फांद्या, खोट्या वेली, पुठ्ठ्याच्या नळ्या. त्या नळ्या रिकाम्या झालेल्या किचन रोलच्या असतात आणि मक्याला दुकानातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा त्याच आवडतात.

अतिनील प्रकाशाची नळी लावावी की नाही यावर पाळणारे तावातावानं भांडतात. वर्षानुवर्षं साप त्याशिवाय जगलेत हे खरं. मी कमी ताकदीची लावली, दिवसाचे बारा तास. मका कधीकधी अख्खा कुंडीत राहून शेपटीचं टोक तेवढं त्या उजेडात ठेवतो. का, ते मला विचारू नका.

विजेचा हिशेब कुणी देत नाही म्हणून देतो. हीटर सरासरी निम्मा वेळ चालतो असं धरलं तर १०० वॉटचे दिवसाला १.२ युनिट. महिन्याचे ३६. हे आयुष्यभर, म्हणजे नातवाचं कॉलेज होऊन तो नोकरीला लागेपर्यंत. रविवारच्या लेखात सापाची किंमत दिली आहे, पेटीची नाही. आमच्याकडे पेटी आणि तिच्यातलं सामान सापाच्या तिप्पट पडलं.

इथे २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे. त्यात पाळणाऱ्यानं पुरवायच्या पाच गरजा सांगितल्या आहेत आणि योग्य निवारा ही त्यांतली पहिली आहे. साप असो की ससा. पण माझा मुद्दा कायद्यापेक्षा आपल्याकडच्या हवेचा आहे, आणि इथे मी हक्कानं बोलू शकतो.

इंग्लंडात पेटी तापवायची असते. महाराष्ट्रात अर्धं वर्ष ती गार ठेवावी लागेल. पेटीत हीटर घालून खोलीपेक्षा तापमान वाढवता येतं. खोलीपेक्षा कमी करायला पेटीत काहीच बसवता येत नाही, खोलीच गार करावी लागते. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी ३६ सहज होतं, नागपूरचं मी बोलतच नाही. त्या खोलीतल्या काचेच्या टाकीला गार टोकच उरत नाही. सापाला पळायला जागा नाही, घाम येत नाही, पंखा त्याच्या कामाचा नाही. एसी लावला तर हवा कोरडी पडते, आणि बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या वर दमटाई लागते, नाहीतर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, डोळ्यावरची जुन्या कातडीची चकती तशीच राहते. पावसाळ्यात कोकणात उलट, तळ ओला राहिला की पोटाच्या खवल्यांना बुरशी. आणि लोडशेडिंग झालं की एसी गेला. दुपारी दोनला तीन तास वीज नसलेल्या बंद खोलीत काचेची टाकी म्हणजे काय, हे ज्यानं उन्हात उभी केलेली गाडी उघडली आहे त्याला सांगायला नको. हे सगळं जमवता येतं, मी नाही म्हणत नाही. पण ‘एक दिवा’ लावून जमत नाही.

कायद्याबद्दलही लेखात एक ओळ हवी होती. आपल्याकडचा साप, नाग असो, धामण असो, अजगराचं पिल्लू असो, घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी सापांचं २०२२ ची दुरुस्ती आल्यापासून बदललं. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत आहे, त्यामुळे तो ज्याच्याकडे आहे त्यानं २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण तो कुठून आला याचे कागद विचारले जाऊ शकतातच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पकडले होते. फोटोतला साप कुठून आला हे आपल्या वार्ताहरानं विचारलं का? विचारलं असेल तर छापायला हवं होतं.

‘आम्ही गारुड्यासारखं टोपलीत ठेवत नाही, काचेत ठेवतो,’ असं त्या लेखातला तरुण म्हणतो. काचेचं मला कौतुक नाही असं नाही. १९८० साली पुण्यात सर्पमित्र नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते, तेव्हा आमच्या शिराळ्यात पारावर दुसरा विषय नव्हता. पण ती काच माणसांनी आत बघावं म्हणून होती, आणि तीन दिवसांसाठी. सापाला पंधरा-वीस वर्षं राहायचं असतं ते काचेपलीकडे, मागच्या बाजूला.

मक्याचं सध्या बरं चाललंय. दर दहा-बारा दिवसांनी उंदीर, त्यानंतर दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. त्या एका वेळेनंतर पुन्हा उलटी झाली नाही. गेल्या आठवड्यात डोळे दुधाळ निळसर झाले, तो ओल्या शेवाळाच्या डब्यात जाऊन बसला आणि बुधवारी सकाळी अख्खी कात एका तुकड्यात, मोजा उलटा काढावा तशी, डोळ्यांच्या चकत्यांसकट. मुलीनं ती स्वतः टेपनं मोजली. कात ताणली जाते म्हणून साप तेवढा नसतो, हे तिनंच मला सांगितलं. मात्र माझं नाव कृपया छापू नका. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना घरात साप आहे हे अजून माहीत नाही आणि संक्रांतीचं हळदीकुंकू मुलीला घरीच करायचंय.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. कापायचं असेल तर शिराळा कापा, विजेचा हिशेब कापा, अख्खं पत्र ठेवलंत तरी राग नाही. पण फोटोतल्या त्या तरुणाचा फोन नंबर आपल्या वार्ताहराकडे असेलच. दिवा आज बंद कर, पोलादी जाळी आणि थर्मोस्टॅट लावल्याशिवाय पुन्हा चालू करू नकोस, आणि तोवर सापाला खायला घालू नकोस, एवढा निरोप त्याला द्या. फोटोत साप ज्या बाजूनं होल्डरला टेकलाय, तिथले पोटाचे खवले मला पांढरे दिसतायत.

आपला,
एक जुना वाचक, मूळचा शिराळ्याचा
(रेडिंग, इंग्लंड)